गुरुजींनी न पाहिलेली भरती

या प्रवासात मी जे पाहिले त्याचे श्रेय चौगुले गुरुजींचे, आणि जे चुकले ते माझे. पेठ वडगावच्या शाळेत त्यांनी मला पाचवी ते सातवी शिकवले. पुढे माझ्या वडिलांनी मला जनावरांच्या बाजारात हाताखाली घ्यायचे ठरवले, तेव्हा गुरुजी सायकलवरून भर बाजारात आले. बैलांच्या दोन रांगांमध्ये उभे राहून त्यांनी वडिलांना सांगितले, "ह्याला दावं धरायला लावू नगा. ह्याच्या हातात मोजपट्टी द्या." आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. आज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, लोखंडी सुटे भाग मोजून पास-नापास करणाऱ्या विभागात मी काम करतो. गुरुजींनी सांगितलेली मोजपट्टी अजून हातात आहे.

आपल्या भागातल्या बहुतेकांनी समुद्र सहलीत पाहिलेला असतो. दुपारी पोचायचे, पायजमा गुडघ्यापर्यंत वर करायचा, भेळ खायची, संध्याकाळी परत. मीही तसाच पाहिला होता. त्यामुळे मी खाडीवर दोन दिवस नुसता पाणी बघत बसलो हे ऐकून शेजारच्यांनी तोंडात बोट घातले. काहींनी "वैनीशी भांडण झालंय काय?" असेही विचारले. भांडण झाले नव्हते. मात्र जाण्याआधी आठ दिवस माझे चित्त थाऱ्यावर नव्हते, हे खरे.

पेठ वडगाव

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला होता. सगळ्यांचे म्हणणे एकच: सत्कार, हारतुरे नकोत, गुरुजींनी पूर्वीसारखा एक तास घ्यावा, आणि तोही भरती-ओहोटीचा. तो तास आमच्याकडे प्रसिद्ध होता. गुरुजी वर्गात शेगडी आणून दुधाचे पातेले ठेवत. दूध वर येऊ लागले की म्हणत, "जुनी माणसं समुद्राचं असंच समजायची. पाणी तेवढंच, पण चंद्राच्या योगानं फुगतंय." मग फळ्यावर पृथ्वी काढत, चंद्र काढत, आणि शेवटी आवाज खाली आणून सांगत, "हे पुस्तकातलं न्हाय. मी सकाळपासनं सांजंपर्यंत खाडीवर बसून बघितलंय. दोनदा पाणी चढतंय. एकदा चंद्र डोक्यावर असताना, एकदा चंद्र पायाखाली असताना." त्या वाक्याला वर्ग गप्प व्हायचा. एक माणूस दिवसभर बसून बघतो, मोजतो, आणि मग सांगतो, हे मला त्या वयात फार मोठे वाटले. मी मोजमापाच्या कामात आलो तो त्या वाक्यामुळे, असे मी अनेकांना सांगत आलो आहे.

निमंत्रण घेऊन गेलो तेव्हा गुरुजी सोप्यात बसले होते. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. आवाजावरून त्यांनी मला ओळखले.

"बाळासो, त्यो तास मी घेणार न्हाय."

"का हो गुरुजी? सगळी त्यासाठीच येणार हायत की."

"मी बघितलेलं न्हाय."

मला कळेना. "काय बघितलेलं न्हाय?"

"भरती. एकदा सहल घिऊन गेलतो. बारा वाजता पोचलो, चारला गाडी हलली. चार तास मी पोरं मोजत हुतो. एकोणपन्नास हायत का, एकोणपन्नास हायत का. पाणी चढलं का उतरलं, मला काय ठावं? समुद्राकडं माझी पाठ हुती बाबा. तोंड पोरांकडं."

"मग बसून बघितलंय म्हणून सांगायचासा ते?"

"खोटं. पोरं पुस्तकावर विश्वास ठेवत न्हवती, माझ्यावर ठेवायची. म्हणून सांगितलं. पयल्या वर्षी सांगितलं, मग दरवर्षी सांगावं लागलं."

खरे सांगायचे तर मला राग आला होता.

गुरुजींनी सुनेकडून एक जाड वही मागवली. निवृत्तीनंतर ते एसटीने कोल्हापूरच्या ग्रंथालयात जात. जगातल्या जुन्या लोकांनी भरती-ओहोटी आणि समुद्राचे प्रवाह कसे समजावून सांगितले, ते त्यांनी या वहीत उतरवून घेतले होते. वही माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "फागुनातल्या शुद्ध अष्टमीला चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतोय, सकाळी पायाखाली. दोन्ही पाणी जागेपणी बघायला मिळतील. तू जा. चंद्र पायाखाली असताना पाणी खरंच चढतंय का, बघून सांग. चढत असंल तर तास घेतो. न्हायतर मी घरातच बरा."

"फोन करतो की लगेच."

"फोन नगं. फोनवर माणूस समोरच्याचं मन राखतंय. लिहून टपालानं धाड. सूनबाई वाचून दाखवंल."

घाट उतरताना

सप्तमीला सकाळी मोटरसायकल काढली. शाहूपुरीतून एक पाच मीटरची नवी टेप घेतली, कारखान्यातला पांढऱ्या रंगाचा मार्कर खिशात होताच. गगनबावड्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक लागलेल्या. हंगाम संपत आला होता, तरी ट्रॅक्टरवाल्यांच्या गाण्यांचा आवाज कमी झालेला नव्हता. एका ट्रॉलीमागे अर्धा तास अडकलो. एरवी मला त्याचे काही वाटत नाही, पण त्या दिवशी हॉर्न वाजवून वाजवून ट्रॅक्टरवाल्याला वीट आणला. शेवटी त्याने मान बाहेर काढून विचारले, "काय पावणं, मयताला निघालाय काय?"

गगनबावड्यात चहाला थांबलो आणि वही उघडली.

पहिल्याच पानावर ग्रीक सैन्याची हकीकत होती. ते सिंधू नदीच्या मुखापर्यंत आले. त्यांच्या देशातल्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. पाणी उतरले तसे त्यांची गलबते चिखलात आडवी झाली, आणि काही तासांनी पाणी परत वर आले तेव्हा जग जिंकायला निघालेली माणसे घाबरून गेली. खाली गुरुजींनी लिहिले होते: "हे लोक आपल्यासारखे."

पुढे एका ग्रीक विचारवंताचे मत होते की पृथ्वी हा एक प्रचंड प्राणी आहे आणि त्याच्या श्वासाबरोबर समुद्र आत-बाहेर होतो. आणखी एका पानावर एक सामुद्रधुनी होती. तिथला प्रवाह दिवसातून अनेकदा दिशा बदलतो. त्याचे कारण सापडेना म्हणून एका थोर तत्त्वज्ञाने त्याच पाण्यात उडी घेतली, अशी दंतकथा. समासात गुरुजींचे अक्षर: "दंतकथाच असावी. पण कारण न सापडल्याने माणूस कासावीस होतो हे खरे." आपल्या पुराणातले मतही होते: पातेल्यातले पाणी तापले की वाढल्यासारखे दिसते, तसा समुद्र चंद्राच्या वाढीबरोबर फुगतो, पाणी कमी-जास्त होत नाही. दुधाच्या पातेल्याचा तास इथून आला होता तर. त्यात चढ-उताराचे माप पाचशे दहा बोटे दिले होते. त्यापुढे गुरुजींनी विचारले होते, "कोणाची बोटे? कोणत्या किनाऱ्यावर?"

एका पानावर मात्र तांबड्या शाईने रेघ होती. एक ग्रीक पंडित पश्चिमेच्या महासागरापर्यंत गेला, तिथल्या बंदरावर महिनाभर राहिला आणि रोज पाणी पाहिले. दिवसाचा चढ-उतार चंद्राबरोबर, महिन्याचा अमावस्या-पौर्णिमेबरोबर, हे त्याने नीट लावून दाखवले. गुरुजींनी खाली दोनच शब्द लिहिले होते: "गेला. बसला."

ते दोन शब्द वाचून मला पुढचा चहा घेववला नाही. गाडीला किक मारली आणि घाट उतरू लागलो. प्रत्येक वळणावर हवा जड होत गेली. वैभववाडीला पोचेपर्यंत अंगातला शर्ट पाठीला चिकटला होता, आणि मी मनात गुरुजींशी भांडत होतो. एका दिवसाचा प्रश्न होता. एक दिवस जाऊन बसता आले नसते का?

खाडी: सप्तमी

देवगडच्या अलीकडे एका खाडीवरच्या गावात मी थांबलो. गावाचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यामुळे मला तिथे वेगळ्याच नावाने ओळखतात.

दुपारचे तीन वाजले असतील. खाडीच्या काठाला होड्या कलंडल्या होत्या, अलीकडे वाळूवर चटया पसरून मासळी वाळत घातलेली. माझे आजोळ वारणेकाठी. आमच्याकडे पुराच्या दिवसांत पाण्याच्या कडेला खूण करायची सवय लहानथोर सगळ्यांना असते. एक वीट ठेवायची किंवा काठी रोवायची, आणि अर्ध्या तासाने जाऊन बघायचे: पाणी चढतेय की उतरतेय. मीही सवयीने पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला आणि नारळाखाली बसलो.

वीस मिनिटांनी दगड दिसेना.

मी भरती बघायलाच आलो होतो, हे मला तेव्हा आठवायला हवे होते. पण डोळ्यांसमोर दगड बुडाला आणि अंगात आजोळचे पावसाळे जागे झाले. उठलो, पहिल्यांदा गाडी ढकलत उंचवट्यावर नेली. परत आलो तर पाणी आणखी पुढे. चटयांवरची मासळी आता जाणार, आणि आसपास कोणी नाही. मी दोन्ही चटया गोळा केल्या, सगळी मासळी एका टोपलीत ओतली आणि टोपली डोक्यावर घेऊन पळत सुटलो.

"अरे मेल्या! माझी सुकी मासळी खंय नेतस?"

समोरच्या घरातून सत्तरीच्या घरातली एक बाई हातात झाडू घेऊन येत होती.

"मावशी, पाणी चढतंय! घरातलं सामान वर घ्या!"

"पाणी चढतला नाय तर काय करतला? खाडी आसा ती!"

मी टोपली घेऊन तसाच उभा. बाईंनी टोपलीत वाकून पाहिले आणि कपाळावर हात मारला. एका चटईवर जवळा होता, म्हणजे बारीक कोळंबी, आणि दुसऱ्या चटईवर बारीक मासळी. मी दोन्ही एकत्र कालवली होती.

"खंयचो रे तू?"

"कोल्हापूर. पेठ वडगाव."

"तरीच," त्या म्हणाल्या. "बस हयसर आणि निवड."

राहण्यासाठी फोनवर ठरवलेली खोली याच बाईंच्या घरात होती, हे मला टोपली ओट्यावर उतरवल्यावर कळले. त्यांना सगळे सुलूकाकी म्हणतात. मुलगा बोटीवर खलाशी, सून बाजारात मासे विकायला गेलेली. मी मांडी घालून जवळा एकीकडे आणि मासळी दुसरीकडे करत बसलो. त्या समोर बसून माझी चूक कुठे होतेय ते बघत होत्या.

"तुमच्या गावात पाणी चढला की उतराक किती वेळ लागता?"

"कधी चार दिवस, कधी आठ."

"आठ दिस!" त्यांनी हातातला जवळा तसाच धरला. "आमचा सहा तासांत उतरता. तुमचा पाणी खुळा आसा."

"पण मावशी, मासळी भिजली असती की."

"येवचाच नाय थंयपर्यंत. आज सातम. सात पाऊण सव्वापाच. सव्वापाचाक पाणी भरतला आणि फिरतला. सातम-आठमीचा पाणी भांगाचा, त्याका जोर नसता. पुनवेक-अवसेक मी चटयो वर नेतंय."

माझा हात थांबला. "काय म्हणालात? सात पाऊण?"

"सव्वापाच. तिथीक पाऊणेन गुणूचा. आठमीक आठ पाऊण सहा. सकाळी सहा, सांजचे सहा. पुनवेक पंधरा पाऊण सव्वाअकरा. थोडा फार मागे-पुढे होता."

पाऊणकी! चौगुले गुरुजींनी आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी असे अपूर्णांकांचे जुने पाढे पाठ करायला लावले होते. ते अभ्यासक्रमात नव्हते. इतर वर्गांतली पोरे आम्हाला हसायची. मी तिथेच मोठ्याने सुरू केले, "बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन..." तिसऱ्या ओळीपासून सुलूकाकी माझ्याबरोबर म्हणू लागल्या. दहापर्यंत दोघे मिळून गेलो.

"कुठल्या शाळेत शिकलात?"

"शाळा? सासऱ्यान शिकवल्यान. होडी कधी काढूची, तिसरे काढूक कधी जावचा, ह्या कळाक नको? तुका कोणी शिकवल्यान?"

"आमच्या गुरुजींनी."

"त्यांची होडी होती?"

नव्हती, म्हणालो. त्यांना आश्चर्य वाटले. होडी नसलेल्या माणसाला पाऊणकी कशाला हवी, हे त्यांना पटेना, आणि मलाही सांगता येईना. सव्वापाचनंतर थोड्या वेळाने पाणी खरोखर थांबले. चटयांची जागा कोरडीच राहिली होती.

रात्री जेवायला तांदळाची भाकरी, तिसऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची, सुकी भाजी, ओल्या काजूची उसळ आणि भात. आमच्याकडे तांबड्या रश्श्याने घाम फुटल्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. इथे नारळाने सगळे तिखट मऊ करून ठेवलेले. मी मिरची मागितली तेव्हा सुलूकाकींनी शेजारणीला हाक मारून बोलावले आणि मला खाताना दाखवले.

अष्टमी, सकाळ

पहाटे पाचला टॉर्च घेऊन धक्क्यावर गेलो. आदल्या संध्याकाळी धक्क्याच्या खांबाला एक बांबू घट्ट बांधून त्यावर इंचा-इंचाच्या खुणा केल्या होत्या. आकाशात चंद्र नव्हता. गुरुजींच्या हिशेबाने तो या वेळी पृथ्वीच्या पलीकडे, माझ्या तळपायांच्या रोखाने असायला हवा. मी खाली पायांकडे पाहिले. स्लिपर होती, फळी होती, फळीखाली काळे पाणी.

चढत होते. हळू, पण चढत होते.

साडेपाचला चार फूट एक इंच. पावणेसहाला चार फूट दोन इंच. सहालाही चार फूट दोन. सव्वासहाला पाणी एक बोट खाली उतरलेले. म्हणजे भरती झाली होती. चंद्र पायाखाली असताना. मला तिथल्या तिथे कुणाला तरी सांगावेसे वाटले. धक्क्यावर एक माणूस जाळे आवरत होता. त्याला म्हणालो, "पाणी चढलं हो!" त्याने माझ्याकडे, मग पाण्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मग?"

पुढे ओहोटी. दर अर्ध्या तासाला नोंद. मला एका जागी बसवत नाही. कारखान्यातही माझे स्टूल बहुतेक रिकामेच असते. दोन नोंदींच्या मध्ये मी धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या मारल्या ते मोजले नाही. नऊला वाटले, सकाळचे तर मिळाले, निघावे. दहाला पुन्हा तेच वाटले आणि गाडीची किल्लीही काढली. खाडीतले पाणी सरसर समुद्राकडे धावत होते, त्याबरोबर नारळाच्या झावळ्या, एक तुटकी चप्पल, फेस. सकाळी हेच पाणी आत धावत होते. त्या सामुद्रधुनीच्या काठी उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञाची मला दया आली. बघून बघून आपल्याच आत काहीतरी आत-बाहेर होऊ लागते.

साडेअकराला सुलूकाकींनी हाक मारली. "जेवक ये!"

"नको मावशी. बारा वाजताची नोंद घ्यायची आहे. पाणी सगळ्यात खाली कधी जातंय ते बघायचं आहे."

"पाणी खंय पळान जाता? भात निवता."

दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा त्या स्वतः धक्क्यावर आल्या, तेव्हा गेलो. बांगड्याची आमटी होती. दहा मिनिटांत परत येईन म्हणून बसलो. शेजारीण कालचा मिरचीवाला पाहुणा बघायला आणखी दोघींना घेऊन आली होती. परत आलो तेव्हा पाऊण वाजला होता आणि पाणी वर सरकू लागले होते.

ओहोटीचा तळ हुकला होता.

मी बांबूजवळ वाकून पाहिले. चिखलाची ओली रेघ होती, तिच्यावरून अंदाज सहज बांधता आला असता. एक फूट दहा इंच, किंवा अकरा. कोणाला कळणार होते? कारखान्यात दोन तासांची नोंद हुकली की मागच्या आणि पुढच्या आकड्याकडे बघून मधला रकाना कसा भरतात, ते मला चांगले माहीत आहे. मी स्वतः एकदोनदा भरला आहे. आकडा बहुधा बरोबरच असतो. पेन हातात घेऊन मी माझ्या नोंदवहीवर वाकलो होतो, आणि तेव्हा मला गुरुजी दिसले: पाठ समुद्राकडे, तोंड पोरांकडे, एकोणपन्नास हायत का, एकोणपन्नास हायत का.

बाराचा रकाना मी कोरा सोडला. सकाळपासून आत जे तडतडत होते ते त्यानंतर थोडे खाली बसले.

अष्टमी, संध्याकाळ

दुपारी चंद्र खाडीपलीकडच्या काजूच्या डोंगरावरून वर आला. उन्हात फिकट, अर्धा. तो जसा वर सरकत गेला तसे पाणी चढत गेले. साडेचारलाच पाण्याने सकाळची खूण गाठली. मी समाधानाने टेप गुंडाळायला लागलो, आणि पाणी खुणेच्या वर गेले.

सकाळी चार फूट दोन. आता चार फूट सहा. मग चार फूट दहा. पाणी थांबेना. माझ्या कामात एकाच वस्तूची दोन मापे इतकी वेगळी आली तर माप घेणारा चुकला असे धरतात. बांबू चिखलात खचला असेल का? गाठ सरकली? गाठ तपासली, तशीच होती. सहा वाजता पाच फूट एक इंच, आणि मग कुठे पाणी स्थिर झाले. अकरा इंचांचा फरक. चंद्र बरोबर डोक्यावर होता.

मी ओट्यावर पळत गेलो. "मावशी, संध्याकाळचं पाणी जास्त चढलं!"

"चढताच. दोन पाणी कधी सारखे बघितलस?"

"पण का?"

"कित्याक म्हणून इचारलंस तर पाणी थांबतला काय?" त्या चुलीकडे वळल्या.

मी वही उघडली. आतापर्यंत न वाचलेली पाने भराभर उलटली. शेवटून तिसऱ्या पानावर ते होते. दोन हजार वर्षांपूर्वीचा, बाबिलोनकडचा एक ज्योतिषी. त्याने आपल्याच बाजूच्या या समुद्राबद्दल सांगून ठेवले होते: चंद्र आकाशाच्या मध्यरेषेवर, म्हणजे विषुववृत्ताच्या माथ्यावर, असतो तेव्हा दिवसाच्या दोन भरत्या सारख्या असतात, तो उत्तरेला किंवा दक्षिणेला दूर गेला की त्या लहान-मोठ्या होतात. मी अंगणात येऊन वर पाहिले. फाल्गुनातला अष्टमीचा चंद्र त्या मध्यरेषेपासून पार उत्तरेला सरकलेला होता.

माझा बांबू खचला नव्हता. ज्याची भाषा, गाव, काहीच मला माहीत नाही असा एक माणूस माझ्या अकरा इंचांना साक्ष द्यायला त्या वहीत बसून होता, आणि त्याला तिथे बसवले होते डोळे जात असताना एसटीने ग्रंथालयात जाणाऱ्या माणसाने.

त्याच ओट्यावर बसून मी पत्र लिहिले. दुसऱ्या दिवशी देवगडच्या टपालात टाकले आणि घाट चढून घरी आलो. पत्राला पोचायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी गुरुजींच्या गल्लीतून गेलो नाही. बाजारात त्यांच्या सूनबाई दिसल्या तर कांद्याच्या पोत्यांमागे थांबलो, कारण तोंडाने काही सांगायचे नाही असे ठरले होते.

मेळावा झाला. गुरुजींनी तास घेतला. शेगडी, पातेले, सगळे होते. दूध उतू गेले, कारण ते त्यांना दिसले नाही आणि आम्ही ऐकण्यात होतो. पत्र त्यांच्याच परवानगीने इथे देतो.

*तीर्थस्वरूप गुरुजींस, बाळासोचा शिरसाष्टांग नमस्कार.*

*चंद्र पायाखाली असताना पाणी चढते. मी पाहिले. आज अष्टमीला सकाळी पावणेसहाला चार फूट दोन इंच. तेव्हा आकाशात चंद्र नव्हता. संध्याकाळी सहाला, चंद्र डोक्यावर असताना, पाच फूट एक इंच. म्हणजे दोन्ही वेळा चढते, पण सारखे नाही. तुमच्या वहीतल्या बाबिलोनच्या माणसाचे खरे आहे.*

*का चढते ते पुस्तकात आहे तेवढेच मला माहीत आहे: पलीकडचे पाणी चंद्रापासून सर्वांत लांब, म्हणून त्याला ओढ कमी आणि ते मागे राहते. डोक्याला पटते. तिथे उभे राहिल्यावर पायांना पटत नाही.*

*तुम्ही शिकवलेली पाऊणकी इथे रोज वापरतात. आठ पाऊण सहा. ज्या बाईंकडे उतरलो आहे त्या शाळेत गेलेल्या नाहीत, पण त्यांना ती आपल्या वर्गासारखीच पाठ आहे. तुमची होडी होती का, असे त्यांनी विचारले.*

*तुमच्यावर मला राग आला होता, तो इथे लिहून ठेवतो. आता नाही. तांबड्या रेघेच्या पानावर, तुमच्या दोन शब्दांच्या मागच्या बाजूला, तुम्हीच एक गोष्ट लिहिली आहे. महिनाभर बसलेल्या त्या पंडितालाही वर्षभराचा चढ-उतार पाहता आला नाही. तो त्याने बंदरावरच्या लोकांकडून ऐकून लिहिला आणि तेवढा चुकीचा निघाला. पण हे मी ऐकले आहे, असे त्याने स्पष्ट सांगून ठेवले. म्हणून आजही त्याचे बाकीचे खरे मानतात. तुम्ही मेळाव्यात तेवढेच सांगा. पाहिले बाळासोने, मी ऐकले. आम्ही सगळे पूर्वीसारखेच गप्प बसून ऐकू.*

*आपला विद्यार्थी,*
*बाळासो*

*ता. क. दुपारी बाराची नोंद नाही. तेव्हा मी जेवत होतो.*